नासिक, डूलॅली आणि देवळाली

मंडळी, परवा नाशिक तालुक्यातल्या एका शाळेत जाण्याचा योग आला. मुलांशी चार शब्द बोला, असे गुरुजींनी सांगितले. व्याख्यान द्यावे तर मुले जांभया देणार, म्हणून मी उलट त्यांनाच विचारले, "आपल्याकडचे कोणकोणते शब्द इंग्रजांनी उचलले, सांगा पाहू?" एकाने 'चटणी' सांगितला, दुसऱ्याने 'बंगला', तिसऱ्याने 'पायजमा'. मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "मुंगूस." आणि ते अगदी बरोबर होते, बरं का. मुंगसाचे इंग्रजी नाव आपल्या मराठीवरूनच गेलेले आहे. मग मी म्हटले, "आता खास आपल्या नाशिकचा एखादा सांगा." वर्ग गप्प. गुरुजीही गप्प. खरे सांगायचे तर काही वर्षांपूर्वी हाच प्रश्न मला कोणी विचारला असता, तर मीही गप्पच बसलो असतो.

पण असे शब्द आहेत. एक नव्हे, चांगले तीन. त्यांतले दोन गणिताच्या ग्रंथांत जाऊन बसले आहेत आणि एक गोऱ्या शिपायांच्या तोंडून विलायतेला गेला आहे. नेहमीच्या लहान शब्दकोशात ते तुम्हांला सगळेच सापडतील असे नाही. म्हणून आज त्यांची हकीकत सांगावी म्हणतो.

पहिला शब्द म्हणजे गावाचे नावच. नासिक. हे नाव कसे पडले, हे नाशिकच्या पोरालाही ठाऊक असते. पंचवटीत शूर्पणखा आली, रामाला लग्नाची मागणी घालू लागली, सीतेवर धावली, आणि लक्ष्मणाने तिचे नाक कापले. संस्कृतात नाकाला नासिका म्हणतात, म्हणून गावाचे नाव नासिक. तपोवनात गेलात तर ही गोष्ट नेमकी कुठे घडली ती जागाही दाखवतात. दुसरे लोक सांगतात की गाव नऊ टेकांवर वसले, नऊ शिखांचे ते 'नवशिख', आणि त्याचे झाले नाशिक. दोन्ही गोष्टी ऐकायला गोड आहेत. आता लेखी पुरावा पाहू. पाणिनीच्या सूत्रांवर पतंजलीने जे महाभाष्य लिहिले, त्यात 'नासिक्य' हे एका नगराचे नाव म्हणून आलेले आहे. म्हणजे नाव दोन हजार वर्षांहून जुने. पांडवलेण्यांतल्या चैत्यगृहावर जो लेख आहे, त्यात नासिकच्या लोकांनी धंभिक गावाचे दान दिल्याची नोंद आहे. तोही सुमारे तेवढाच जुना. पुढे मोगलांनी गावाला गुलशनाबाद म्हटले आणि मराठ्यांच्या अमलात ते पुन्हा नासिक झाले. नाव आधी की कथा आधी, असे मला विचाराल तर माझा कौल नावाकडे आहे. गावाचे नाव जुने होते, त्याचा मूळ अर्थ लोक विसरतात, आणि मग तो समजावून सांगायला एखादी चांगली कथा पुढे येते. अर्थात हा माझा कौल. रामकुंडावरच्या एखाद्या आजीबाईंपुढे मी तो मांडणार नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. जुन्या लेखांत 'स' आहे, नासिक. आज आपल्या तोंडी 'श' आहे, नाशिक. इंग्रजांनी 'स'च लिहिला आणि तोच पुढे गणितात कायमचा राहिला.

गणितात हे नाव कसे शिरले, ते समजायला कागद-पेन्सिल घ्या. जादूचा चौकोन तुम्हां सर्वांना माहीत आहे. एक ते नऊ आकडे तीन ओळींत असे मांडायचे की उभी, आडवी, तिरपी, कशीही बेरीज करा, पंधराच यावी.

८ १ ६
३ ५ ७
४ ९ २

याला कोणी पंधराचे यंत्र म्हणतात. एखाद्या दुकानाच्या भिंतीवर कुंकवाने काढलेलेही पाहिले असेल. आता एक करा. सर्वांत वरची ओळ उचला आणि सर्वांत खाली नेऊन ठेवा. आडव्या बेरजा तशाच राहतात, उभ्याही राहतात. पण तिरपी बेरीज करून पाहा: तीन, नऊ आणि सहा. अठरा झाले. दुसरीकडून सात, नऊ, आठ. चोवीस. जादू गेली.

आता हा दुसरा चौकोन घ्या. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात, म्हणजे जैनांच्या देवळात, तो दगडावर कोरलेला आहे.

७ १२ १ १४
२ १३ ८ ११
१६ ३ १० ५
९ ६ १५ ४

इथे बेरीज चौतीस. उभी करा, आडवी करा, तिरपी करा. चार कोपऱ्यांचे आकडे घ्या, ७, १४, ९ आणि ४, तरी चौतीस. कोणतीही लगतची चार घरे घ्या, तरी चौतीस. पण खरी कसोटी पुढे आहे. वरची ओळ खाली न्या. २, ३, १५, १४: चौतीस. दुसरी तिरपी ११, १०, ६, ७: चौतीस. पुन्हा एक ओळ न्या, डावीकडची उभी ओळ उजवीकडे न्या, वाटेल तितक्या वेळा न्या. चौकोन काही मोडत नाही. जणू त्याला कडाच नाहीत. वरची कड खालच्या कडेला आणि डावी उजवीला जोडलेली आहे. चौकटीची फरशी अंगणभर पसरली आणि तिच्यावर कुठेही पाट टाकला, तरी नक्षी पुरी दिसते, तसेच हे. असा चौकोन जुळणे सोपे नाही. एक ते सोळा आकड्यांचे चार ओळींचे जादूचे चौकोन एकूण ८८० होतात, म्हणजे फिरवलेले आणि आरशातले निराळे न धरता. त्यांतले या कसोटीला उतरणारे फक्त ४८.

या ४८ जातीच्या चौकोनांना इंग्रजीत एक नाव आहे: नासिक चौकोन.

हे नाव ए. एच. फ्रॉस्ट नावाच्या एका मिशनऱ्याने दिले. तो नाशिकला राहत होता आणि धर्मोपदेशाबरोबर त्याला आकड्यांचे वेड होते. १८६६ साली विलायतेतल्या गणिताच्या त्रैमासिकात त्याने जादूच्या घनांवर लेख लिहिला. घन म्हणजे नुसती चार बाजूंची पाटी नव्हे. पेटीसारखा, थरावर थर. १८७८ साली त्याच त्रैमासिकात त्याचे आणखी दोन लेख आले, एक नासिक चौकोनांच्या गुणधर्मांवर आणि दुसरा नासिक घनांच्या. आपण ज्या गावी राहिलो, त्याचे नाव त्याने आपल्या आवडत्या चौकोनाला दिले. बस्स, एवढेच कारण. पुढे तर 'नासिक' हे सामान्य नाम झाले. १९०५ मध्ये प्लँक नावाच्या इंग्रज गणितीने एक पुस्तिका काढली, तिच्या नावातच 'नासिक'चे अनेकवचन आहे. आपण 'चौकोन' आणि 'त्रिकोण' म्हणतो, तसे ते 'एक नासिक, दोन नासिक' म्हणू लागले!

आता इथे एक खुलासा करायलाच हवा. नाहीतर उगाच छाती फुगेल. हा चौकोन नाशिकला शोधला गेला, असे नाही. खजुराहोचा लेख फ्रॉस्टच्या कितीतरी शतके आधीचा आहे. आपल्याकडे नारायण पंडिताने १३५६ साली 'गणितकौमुदी' लिहिली आणि तिच्यातला एक सबंध अध्याय 'भद्रगणिता'ला, म्हणजे अशा चौकोनांना दिला. ते रचायच्या रीती त्याने पद्धतशीर सांगितल्या आहेत. म्हणजे विद्या इथली, जुनी, गावही इथले, पण त्या दोघांची इंग्रजीत गाठ घातली ती एका परक्या माणसाने.

या चौकोनाला नावे तरी किती! खजुराहोमुळे कोणी त्याला जैन चौकोन म्हणतात. फ्रान्समधल्या लुकास नावाच्या गणित्याने त्याच जातीला 'सैतानी' म्हटले. सैतानी, आणि आपल्याकडे नाव शूर्पणखेच्या नाकावरून! राक्षसांशी या चौकोनाचे काहीतरी लागेबांधे असावेत, असे म्हणायचा मोह होतो. आजकालच्या पुस्तकांत 'पॅनडायगोनल' हे नाव जास्त चालते. 'पॅन' म्हणजे ग्रीक भाषेत 'सर्व'. सर्व तिरप्या ओळी जमतात तो. ग्रीकांचा बकऱ्याच्या पायांचा एक रानदेवही 'पॅन' होता, आणि घबराटीला इंग्रजीत 'पॅनिक' म्हणतात ते त्याच्यावरून; पण त्या देवाचा आपल्या चौकोनाशी संबंध नाही. शिक्षकांनी मुलांना हा फरक जरूर सांगावा. सारखा दिसणारा प्रत्येक शब्द भाऊबंद नसतो.

जाता जाता आणखी एक. मिशनऱ्यांनी नाशिकजवळ शरणपूर वसवले होते. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेची मुले तिथे ठेवून शिकवीत. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना 'नासिकची मुले' असेच म्हणतात. लिव्हिंग्स्टन या प्रसिद्ध प्रवाशाबरोबर १८६६ मध्ये आफ्रिकेत गेलेल्यांत अशी नऊ मुले होती. तो १८७३ साली तिकडेच वारला, तेव्हा त्याचे शव ज्यांनी रानावनातून किनाऱ्यापर्यंत वाहून आणले, त्यांतला जेकब वेनराइट हा नाशिकला शिकलेला. १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टनला पुरले, तेव्हा शवपेटीबरोबर हा वेनराइट होता. यावर खरे तर स्वतंत्र भाषणच करायला हवे.

आता दुसरा शब्द. हा जरा हसण्यावारी नेण्यासारखा आहे, पण त्याच्या पोटात दुःख आहे. एखाद्याच्या डोक्यावर परिणाम झाला, तो भ्रमिष्टासारखे वागू लागला, की इंग्लंडात म्हणतात, तो 'डूलॅली' झाला. आजही म्हणतात. म्हणणाऱ्यांतल्या पुष्कळांना ठाऊक नसते की ते नाशिक रोडच्या पुढच्या एका स्टेशनाचे नाव घेत आहेत. डूलॅली म्हणजे आपली देवळाली.

झाले असे. इंग्रजांच्या राज्यात देवळालीला लष्कराची मोठी छावणी होती. विलायतेहून आलेली पलटण आगगाडीने घाट चढून इथे उतरायची आणि इथून हिंदुस्थानभर पांगायची. मुदत संपलेले शिपाई परत जाताना पुन्हा इथेच येऊन थांबायचे. सैन्याची जहाजे सुटत ती थंडीच्या मोसमात. मोसम संपला आणि तुमचा नंबर लागला नाही, तर बसा पुढच्या हिवाळ्यापर्यंत! लढाई नाही, काम नाही, घरी जायची आस लागलेली, वर चैत्र-वैशाखाचे ऊन, मग पावसाळ्याची हिवतापाची साथ. माणसे दारू पिऊ लागत, भांडत, तुरुंगात जात, काहींची डोकी फिरत. अशा शिपायाला 'देवळालीचा ताप' चढला, असे बराकीत म्हणू लागले. इंग्रजी उच्चारात ते झाले 'डूलॅली टॅप'. हा 'टॅप' म्हणजे छावणीतल्या हिंदुस्थानी बोलीतला ताप. आपण 'डोक्याला ताप' म्हणतो ना, त्याचाच सख्खा भाऊ. इंग्लंडात गेल्यावर 'टॅप'चा अर्थ कोणाला कळेना. कोणाला वाटले, डोक्यावर टपली बसली असेल! शेवटी 'टॅप' गळाला आणि नुसते 'डूलॅली' राहिले. पहिल्या महायुद्धापर्यंत हा शब्द साऱ्या पलटणींच्या तोंडी होता. १९७४ ते १९८१ या काळात विलायतेच्या दूरचित्रवाणीवर देवळालीच्या छावणीवर एक विनोदी मालिकाही चालली.

विरोध पाहा. ज्या देवळालीचे नाव त्यांनी वेडाला दिले, तिथली हवा निरोगी म्हणून मुंबईचे लोक तिथे प्रकृती सुधारायला येत आणि अजूनही येतात. दोष हवेचा नव्हताच. दोष वाट पाहण्याचा होता. छावणी पुढे स्वतंत्र भारताच्या सेनेची झाली, तोफखान्याची शाळा तिथे आली. नावाला चिकटलेला अर्थ मात्र तसाच राहिला. गावाने काय केले होते हो?

पण त्याच देवळालीत एक मास्तर होते. आणि तिसरा शब्द त्यांचा.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. शिक्षण ठाण्याला आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. तिथे असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे बक्षीस मिळाले. १९२९ मध्ये पदवी घेतली आणि १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. पदवीपुढचे शिक्षण नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. शाळा सुटली की आकडे. पुष्कळ विद्वान त्यांना हसले, त्यांचे काम म्हणजे पोरखेळ समजले. त्यांची ६१७४ ही संख्या आज जगाला ठाऊक आहे. चार आकडी कोणतीही संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसले म्हणजे झाले. अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, त्यातून उलटे मांडलेले वजा करा. उत्तराचे पुन्हा तसेच करा. ३५२४ घ्या. ५४३२ वजा २३४५, उरले ३०८७. ८७३० वजा ३७८, उरले ८३५२. ८५३२ वजा २३५८, उरले ६१७४. कोणत्याही संख्येवरून निघा, फार तर सात पायऱ्यांत इथेच येऊन पोचता, आणि मग हलत नाही. हा शोध त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. पण मला आज त्यांचे गणित सांगायचे नाही, त्यांनी ठेवलेली नावे सांगायची आहेत.

नावे ठेवण्यात मास्तरांचा हात मोठा मोकळा होता. १२१, १२३२१, १२३४३२१ अशा चढत्या-उतरत्या संख्यांच्या एका घराण्याला त्यांनी 'डेम्लो' म्हटले. हे डेम्लो म्हणजे कोणी ग्रीक ऋषी नव्हे. मुंबईपासून तीस मैलांवरचे रेल्वेचे स्टेशन, आजची डोंबिवली. तिथे त्यांना ती कल्पना सुचली, म्हणून स्टेशनाचे नाव. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो, तिला त्यांनी 'हर्षद' म्हटले. हर्ष देणारी ती हर्षद. उदाहरणार्थ १२, एक आणि दोन मिळून तीन, बाराला तिनाने भाग जातो. झाला आनंद.

आणि तिसरी जात. एखादी संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ घेतले, दोन आणि एक तीन, एकवीस आणि तीन चोवीस. म्हणजे २४ ही २१ ची लेक झाली. चोवीसपासून ३०, तिसापासून ३३. असा वंश चालू राहतो. मग मास्तरांनी विचारले, जिला आईबापच नाहीत अशी संख्या असेल का? आहे. वीस घ्या. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून वीस येत नाही. करून पाहा: १४ पासून १९ येतात, १५ पासून २१, मधले वीस कोणीच देत नाही. तसेच ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. या कोणाच्या पोटी न जन्मलेल्या संख्या. मराठीत त्यांना स्वयंभू संख्या म्हणतात. त्र्यंबकेश्वर इथून फार लांब नाही. स्वयंभू म्हणजे काय, ते या मुलखात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पाषाणातून आपोआप प्रकटलेल्या देवाचा शब्द आकड्यांना लावला आणि तो नेमका बसला. इंग्रजीत त्यांचे दुसरे नाव आहे 'देवळाली संख्या'. गोऱ्या शिपायांनी ज्या गावाचे नाव बिघडवून वेडाला दिले, तेच नाव गावच्या मास्तरांमुळे गणितात नीट, शुद्ध उच्चारानिशी लागले.

पण नाव ठेवणे वेगळे आणि ते टिकणे वेगळे. कापरेकरांनी आपल्या पुस्तिका देवळालीहून स्वतःच छापल्या. त्या कोणाच्या हाती पडणार? कोलंबियाच्या एका गणिताने याच संख्यांबद्दल अमेरिकेतल्या मासिकात प्रश्न विचारला, आणि तिकडे त्यांना 'कोलंबियन संख्या' म्हणू लागले. पुढे १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने आपल्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिले, तेव्हा कुठे जगाला देवळालीचा पत्ता लागला. हर्षद संख्यांचेही असेच झाले. १९७७ मध्ये आयव्हन निव्हन या गणितज्ञाने त्यांच्यावर व्याख्यान दिले, तर काही लोक त्यांना 'निव्हन संख्या' म्हणू लागले. दोन्ही नावे आज शेजारी शेजारी नांदतात. निव्हनसाहेबांनी काही चोरले, असे मी म्हणणार नाही. त्यांनी ते नाव स्वतः दिलेले नाही. पण शिक्षकहो, तुमच्या वर्गात या संख्या निघाल्या, तर मुलांना कोणते नाव आधी सांगाल, ते तुम्हीच ठरवा. कापरेकर मास्तर १९८६ साली देवळालीतच वारले.

त्या दिवशी शाळेत मी मुलांना एवढे सारे सांगू शकलो नाही, तास संपला. पण निघता निघता फळ्यावर एक काम लिहून आलो. सत्त्याण्णवनंतरची स्वयंभू संख्या कोणती, शोधा. चार दिवसांनी गुरुजींची चिठ्ठी आली. 'मुंगूस' म्हणणाऱ्या त्या मुलीनेच उत्तर काढले होते. ऐंशीपासून एकशेपाचपर्यंत एकेक संख्या घेऊन तिने वहीची दोन पाने भरली होती, आणि कशातूनच न निघालेली संख्या सापडली: १०८. तिच्या आजीच्या माळेत तेवढेच मणी. खाली तिने आपणहून एक ओळ जोडली होती: एक, शून्य आणि आठ मिळून नऊ, आणि नऊ बारा अठ्ठोत्तरशे, म्हणजे ही हर्षदही आहे.